चौकडीच्या ताटल्या

आमचे हे जन्मभर शर्ट शिवत आले. चौकडीच्या कापडाला खिसा लावला, तर खिसा कुठे सुरू झाला ते गिऱ्हाइकाला चाचपून बघावं लागे. आणि अशा माणसाच्या नशिबी माझ्या आईच्या जुन्या चौकडीच्या ताटल्या.

त्या चिनी मातीच्या ताटल्यांची निळी चौकडी आधी पातळ कागदावर छापलेली, मग तो कागद काठाभोवती चिकटवून नक्षी भांड्यावर उतरवलेली. कागदाची दोन टोकं जिथे भेटतात, तिथे रेघा चुकतातच. हे जेवायला बसले की तो जोड नजरेआड जाईपर्यंत ताटली फिरवत राहायचे. शेवटी म्हणाले, विकून टाकू. मला आईच्या ताटल्या घराबाहेर जाऊ द्यायच्या नव्हत्या. पण यांच्याशी वाद घालून आजवर कुणाची डाळ शिजली आहे?

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा फोन मीच घेतला, हे मशीनवर होते. तो म्हणाला, काठाचे फोटो पाठवा. जोड चुकलेला दिसला तर माल जुना, लगेच येतो. रेघा सरळ जुळत असतील तर ती हल्लीची नक्कल, मग मला तसदी नको. मी यांना फोटोचं तेवढं सांगितलं आणि बाकीचं गिळलं.

वर साळसूदपणे म्हटलं, "शिंप्याच्या घरातली चौकडी अशी वाकडी. तो बघून काय म्हणेल?"

बाण बरोबर लागला. नातीच्या रंगपेटीतला निळा रंग साबणाच्या थेंबात कालवून यांनी दुपारभर एकेक रेघ जुळवली. मी चहा देत होते आणि तोंड भरून कौतुक करत होते. फोटो गेले. थोड्याच वेळात उत्तर आलं, नक्कल आहे, नको.

मी ताटल्या धुवायला घेतल्या तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले. मोरीत निळं पाणी वाहत होतं. यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो जोडाबद्दल काही बोलला होता?"

"बोलला होता," मी म्हटलं.

यांनी न धुतलेली एक ताटली उचलली. "हिला पाणी लावायचं नाही. ही माझी."

जेवताना मी रस्सा वाढायला गेले, तर यांनी ताटलीवर हात आडवा धरला आणि सगळं कोरडंच जेवले.