उठून गेलेला श्रोता

"पाच वर्षांपूर्वीच्या मार्चच्या आधी," वकीलबाईंनी विचारलं, "घराबाहेरच्या कुणी या डबीचं गुपित ऐकलं होतं का? एकाने तरी?"

सून खुर्चीतून उठलीच. "एकाने? अहो, चाळीस जणांनी ऐकलं होतं!"

ही गोष्ट आपण कधी इतक्या आनंदाने सांगू, असं तिला आदल्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. कारण याच गोष्टीवरून तिने सहा वर्षं सासऱ्यांना घालूनपाडून बोलायची एक संधी सोडली नव्हती.

डबी गोळ्यांची. बाजारातल्या इतर डब्या वेळ झाली की वाजतात आणि बटण दाबलं की गप्प बसतात. माणूस बटण दाबतो, कूस बदलतो, गोळी राहते ती राहतेच. सासऱ्यांच्या डबीला बटणच नव्हतं. प्रत्येक कप्प्याखाली एक पातळ पट्टी, गोळीच्या वजनाने खालच्या तारेला टेकलेली. गोळी उचलली की पट्टी वर, तार सुटली, आवाज बंद. गोळी उचलल्याशिवाय काही केल्या ती बया थांबायची नाही.

सून मोठ्या हौसेने पेटंट घ्यायला गेली आणि तिथे कळलं, की सासऱ्यांनी दोन महिन्यांपूर्वीच निवृत्तांच्या मंडळात उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं. चारचौघांत सांगितलेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही. तोंडावर ताबा नसलेल्या माणसाने घरचं सोनं रस्त्यावर फेकलं, असं सून म्हणाली, आणि वैतागून डबी माळ्यावर टाकून दिली. चार वर्षांपूर्वी तिने पुन्हा मनावर घेतलं, भाड्याच्या दोन खोल्यांत कारखाना काढला. आता तिथे अकरा बायका डब्या जोडत होत्या. आणि मागच्या आठवड्यात एका बड्या कंपनीची नोटीस आली: या डबीचं पेटंट आमचं आहे, अर्ज पाच वर्षांपूर्वीच्या मार्चमधला, काम थांबवा. कारखान्याला कुलूप लागणार होतं.

"बसा," वकीलबाई म्हणाल्या. पण त्यांचेही डोळे चमकत होते. "तुमच्या बाबांनी जे सांगितलं त्याने तुमचं पेटंट गेलं ना? त्यानेच आता कंपनीचंही जाईल. सांगून झालेली गोष्ट नवी कशी? फक्त पुरावा आणा."

सून धावतच मंडळाच्या वाचनालयात गेली. चिटणीसांनी जुन्या सभांची वही काढून दिली, आणि सहा वर्षांपूर्वीचं पान सापडलं तेव्हा तिला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. तारीख होती. डबीचं नाव होतं. सासऱ्यांनी स्वतः काढलेली आकृतीसुद्धा चिकटवलेली होती, अर्धी वाळवीने खाल्लेली. खाली चिटणीसांचा शेरा: "वक्ते पन्नास मिनिटे बोलले. कोणासही काही कळले नाही. यापुढे वक्त्यांस पंधरा मिनिटेच द्यावीत."

वकीलबाईंनी शेरा वाचला आणि कपाळाला हात लावला. "नुसतं सांगून भागत नाही हो. ऐकून जाणत्या माणसाला ती वस्तू करता आली पाहिजे. इथे तर कुणाला काही कळलंच नाही, असं लिहून ठेवलंय! त्या सभेतल्या एकाला तरी कळलं होतं, हे दाखवा."

सुनेने घरी येऊन सासऱ्यांना समोर बसवलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती त्या सभेबद्दल न रागावता विचारत होती. सासरे आधी बिचकले, मग खुलले.

"तिसऱ्या रांगेत दोघं घोरत होते. चिटणीस सारखे घड्याळ बघत होते. आणि तो घड्याळवाला! मी पट्टीचं सांगत होतो, ऐन रंगात आलो होतो, आणि हा गृहस्थ ताडकन उठून चालता झाला. चाळीस माणसांसमोर माझा अपमान केला, सूनबाई. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही."

सून पुढे सरकली. "बाबा, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. पट्टीचं ऐकून उठला?"

"हो."

"चपला घाला. आत्ताच्या आत्ता!"

घड्याळवाल्यांनी दार उघडलं, सासऱ्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी काही विचारायच्या आतच ते आत गेले आणि एक पितळी डबी आणून त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली.

"हिला गोळ्या विसरायची सवय होती," ते बायकोकडे बघत पुटपुटले. "पट्टीचं ऐकलं आणि मला पुढे बसवेना. दोन दिवसांत डबी झाली. सांगणार होतो, पण मग चोरी कबूल करावी लागली असती."

सुनेने झाकण उलटवलं. घड्याळ दुरुस्त केलं की आतल्या बाजूला तारीख कोरून ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. इथेही सहा बारीक ओळी होत्या, दर वर्षी सेल बदलल्याची एकेक. आणि त्यांच्या वर, झिजून पुसट झालेली, पहिली तारीख. सभेनंतरचा तिसरा दिवस!

"चोर!" सासरे गरजले. "माझी डबी! अर्ध्यातून उठून गेला तो चोरी करायला!"

"हो बाबा, चोर!" सून हसता हसता रडायला लागली होती. "देवासारखा चोर!" तिने घड्याळवाल्यांच्या बायकोला घट्ट मिठी मारली. सासऱ्यांना मात्र यात आनंद कसला ते समजेना. ते घरापर्यंत धुसफुसत आले.

पेटंट कार्यालयातल्या सुनावणीच्या दिवशी मागच्या बाकांवर अकराच्या अकरा बायका येऊन बसल्या. कंपनीचे वकील पितळी डबी बोटांत खेळवत म्हणाले, "तारीख काय, आज सकाळीही कोरता येते. आणि ही डबी तशीच चालते याला आधार काय?"

तेवढ्यात डबी त्यांच्या हातातच वाजायला लागली.

वकीलसाहेब दचकले. बटण शोधायला त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, हलवली, कोटात दाबली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी मागून घड्याळवाल्यांची बायको उठली, शांतपणे पुढे आली, "अहो, माझ्या गोळीची वेळ झाली," म्हणाली आणि तिने कप्प्यातून गोळी उचलली.

आवाज थांबला. अधिकाऱ्यांनी आपल्या समोरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, मग भिंग घेऊन झाकणाच्या आतल्या ओळी सावकाश तपासल्या. सर्वांत जुनी ओळ त्यांनी नखाने चाचपून पाहिली आणि होकारार्थी मान हलवली.

"हे तुम्हाला कुठून मिळालं?" त्यांनी घड्याळवाल्यांना विचारलं.

घड्याळवाल्यांनी सासऱ्यांकडे बोट केलं. "यांचं भाषण ऐकून. मी चोरली साहेब, खोटं कशाला बोलू?"

सासरे उभे राहिले. आता हे इथेही भांडणार, म्हणून सुनेने त्यांचा सदरा धरला. पण ते घड्याळवाल्यांच्या बायकोकडे बघत होते. ती पेला खाली ठेवत होती.

"चोरली नाही," सासरे म्हणाले. "मी शिकवली."

वकीलबाईंनी सुनेचा हात इतका जोरात दाबला की तिला कळून चुकलं, कारखाना वाचला. अधिकाऱ्यांनी तो शब्द लिहून घेतला आणि विचारलं, "किती वेळ शिकवलीत?"

"पन्नास मिनिटं," सासऱ्यांच्या आधी सूनच बोलली. "सगळं सांगितलं यांनी. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही."