पंचफुलाबाईंच्या नावची काडी

माठावरच्या ताटलीत मोबाइल खडखडला. घरात रेंज तेवढ्याच जागी यायची, म्हणून मोबाइलचा मुक्काम कायम त्या ताटलीत. सकाळच्या चिडीचूप घरात तो आवाज भांडं पडल्यासारखा वाटला. ज्योतीनं पिठाचा हात ओढणीला पुसला आणि स्क्रीनवर बोट फिरवलं.

वसमतमधल्या एका लॅबच्या सेंटरवर ती कामाला होती. घरोघर जाऊन रक्त काढायचं, आणि कोरोना आल्यापासून लोकांच्या नाकात काडी घालून नमुना घ्यायचा. नमुने नांदेडला जात, रिपोर्ट मोबाइलवर येत. आज व्यंकटरावांच्या घरचे आले होते. पाच माणसं. चार निगेटिव्ह. पाचवं नाव पंचफुलाबाई, व्यंकटरावांची आई. पॉझिटिव्ह.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग नुसतीच उभी राहिली. तव्यावरच्या भाकरीचा करपट वास घरभर झाला तरी तिचा हात उलथन्याकडे गेला नाही.

"आई," म्हणत मितू डोळे चोळत आली आणि सवयीनं तिच्या कमरेला बिलगली. सहा वर्षांची पोर, झोपतानासुद्धा आईच्या कानाची पाळी धरून झोपणारी. ज्योतीनं तिला हातानं मागं लोटलं. आजवर असं कधी केलं नव्हतं.

"जवळ नको येऊ."

"काहून?"

"भाजंल," ती म्हणाली आणि खुंटीवरचा मास्क काढून तोंडाला लावला.

कारण त्या नळीत गेलेली काडी पंचफुलाबाईंच्या नाकातली नव्हतीच. ती ज्योतीच्या नाकातली होती.

*

झालं होतं ते असं. तिसरी लाट आली म्हणून शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. ज्योतीचा नवरा भीमराज एसटीत कंडक्टर, संपामुळं दिवसभर डेपोसमोरच्या मांडवात. सासू केशरबाई कापूस वेचायला गेलेली. पोर ठेवायची कुणाकडे? तिनं मितूला स्कुटीवर पुढं उभं केलं आणि कामावर निघाली.

व्यंकटरावांची मोंढ्याच्या बाजारात हळदीची आडत, गावाबाहेर नवा बंगला. ज्योतीनं मितूला ओट्यावर बसवलं. "हितून हालायचं न्हाई," असं दोनदा बजावलं आणि आत गेली.

दिवाणखान्यात सहलीचीच गडबड होती. मुंबईहून जहाज, लक्षद्वीपपर्यंत समुद्रात. सगळ्या घरानं जायचं. एजंट शिवहार सोफ्यावर बसून नियम सांगत होता.

"दोन्ही डोस पाहिजेत, ह्यो ताजा रिपोर्ट पाहिजे, आन् बंदरावर ताप मोजूनच आत सोडतेत. घरातला एक जरी पॉझिटिव्ह निघाला तर सगळ्यायला वापस."

"आन् पैशाचं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"इन्शुरन्स काढलाय ना मालक. आजारानं सहल मोडली तर वापस भेटतेत."

"ह्यानं मव्ह्या म्हशीचा बी इन्शुरन्स काढला व्हता, सिस्टर," व्यंकटराव ज्योतीला म्हणाले. "हप्ते गेले, म्हैस काई गेली न्हाई. आजून लाथा मारती."

शिवहारसकट सगळे हसले. ज्योतीही हसली. मालक, मालकीण, दोन पोरं, सगळ्यांचे नमुने पटापट झाले. राहिल्या म्हाताऱ्या आजी.

त्या मागच्या खोलीत बाजेवर बसल्या होत्या. बाजेखाली पांढरेशुभ्र नवे बूट, आतला कागदाचा बोळाही काढलेला नव्हता. जहाजावर पाय घसरू नये म्हणून लेकानं आणलेले. आजी मधूनमधून खोकत होत्या. त्या खोकल्याचं ज्योतीला नवल वाटलं नाही. वसमतमध्ये तो खोकला सगळ्यांना ओळखीचा. आडत उभी राहण्याच्या आधी या बाईनं वर्षानुवर्षं हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी रोजानं काम केलं होतं. ती पिवळी धूळ एकदा छातीत बसली की बसली.

ज्योतीनं काडीचं पाकीट फोडलं, तशी आजींनी तिचं मनगट धरलं.

"दार लाव पोरी."

तिनं दार लोटलं.

"मव्ह्या नाकात काडी नको घालू."

"आजी, काईच दुखत न्हाई. डोळ्यात पाणी येतं जरासं, बस."

"दुखाचं न्हाई गं माय." आजींचा आवाज एकदम खाली गेला. "उन्हाळ्यात ह्यांच्या नाकात अशीच काडी घातली. दुसऱ्या दिशी गाडी आली. चालत गेले गाडीत. मला म्हनले, शेळीला पाला टाक, आलोच. आले का?"

 आजींच्या नवऱ्याला, दगडोबांना, वसतिगृहातल्या कोविड सेंटरवर नेलं होतं, ते ज्योतीला ठाऊक होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर सरणावर. घरच्यांना तोंडसुद्धा दिसलं नाही.

"मंग तुमी जाऊच नका ना जहाजात."

"लेकाला न्हाई कसं म्हनू? बापाला काई दाखवता आलं न्हाई, मायला तरी समुद्र दाखवतो, म्हनतो. रातंदिस तेच." आजींनी मनगट सोडलं नाही. तळहात खरखरीत आणि गरम होता, पण तापाचा नाही; उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखा. "तू माय हायेस एका लेकराची. तुला कळंल."

ज्योतीनं बोटाला मशीन लावून पाहिलं. ऑक्सिजन चांगला. ताप नाही. दोन्ही डोस झालेले. खोकला जुना. ही बाई आजारी नाही, हे तिला दिसतच होतं. आणि आपण तर घोड्यासारख्या पळतोय. मग कुणाचं काय बिघडतं?

तिनं स्वतःचा मास्क खाली ओढला, काडी आपल्याच नाकात घातली, फिरवली, डोळ्यांत आलेलं पाणी बाहीनं टिपलं आणि नळीवर नाव लिहिलं: पंचफुलाबाई.

"झालं बगा."

आजी उघड्या तोंडानं बघत राहिल्या. मग बोळकं हसलं. "मी कोणाला सांगत न्हाई. तू बी नको सांगू."

खिडकीतून खुदकन आवाज आला. ओट्यावरून हलायचं नाही म्हणून सांगितलेली मितू गजांना नाक चेपून उभी होती. "आई, सोताच्याच नाकात!" ज्योतीनं ओठांवर बोट ठेवलं. आजींनीही ठेवलं. मितूनंही ठेवलं. तिघींचं गुपित झालं.

घरी जाताना मितू स्कुटीवर रस्ताभर हसत होती, आणि तिच्या हसण्यानं ज्योतीलाही हसू येत होतं. घशात जरा खवखवत होतं. जानेवारीचं वारं, तिला वाटलं.

*

आता ते खवखवणं तिच्या ध्यानात आलं. कालची भाजी तिनं आणि केशरबाईंनी एकाच ताटलीत खाल्लेली. आत्यांना, म्हणजे सासूला, साखरेचा आजार. मितू रात्रभर कान धरून झोपलेली. आजाराला ना नाव कळतं ना नळीवरची चिठ्ठी. तो या एका खोलीच्या घरात कधीचा येऊन बसला होता.

"आत्या, सेंटरवर पेशंट निघाला. मी मागच्या पत्र्यात ऱ्हाते. मितूला जवळ येऊ देऊ नका," तिनं दारातून सांगितलं.

"तुला काई हुतंय का?" केशरबाईंनी विचारलं.

"न्हाई."

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिनं दोन मास्क लावले आणि व्यंकटरावांचं घर गाठलं. सांगायचं पक्कं करूनच ती निघाली होती. रस्त्यात शब्दही जुळवले. मालक, नमुना मव्हा हाये. मायला काई झालेलं न्हाई. एवढंच. पुढचं पुढं.

फाटकाबाहेर पांढरी गाडी उभी होती. भोंगा वाजत नव्हता.

ती रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली थांबली. शिवहारच्या हातात फाइल होती. व्यंकटराव पायऱ्यांवर उभे होते, डोळे लाल.

"मालक," ज्योतीनं लांबूनच आवाज दिला. "आजीला कुठं घेऊन चालले? घरी खोली मोकळी हाये, घरी बी ठेवता येतं."

"येतं की," व्यंकटराव म्हणाले. "मला काय हौस हाये का? पण शिवहार म्हणून राहिला, घरी ठेवलं तर क्लेम बसत न्हाई. कोविड सेंटरात भरती केल्याचा सही-शिक्क्याचा कागद पाहिजे म्हणे कंपनीला."

"नियमच हाये तसा," शिवहारनं फाइल छातीशी धरली. "दोन-तीन दिसाचा सवाल हाये. कागद झाला की आणू."

"मालक, नमुना परत घिऊ," ज्योती म्हणाली. "चूक ऱ्हाऊ शकती. मी आत्ता..."

"परत कशाला?" व्यंकटरावांचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "सिस्टर, परत घेतला आन् निगेटिव्ह आला, तर तोवर जहाज बी गेलं आन् क्लेम बी गेला. आता आलाय तो ऱ्हाऊ द्या. आईला काईच तरास न्हाई, मला बी दिसतंय. बसून येईल दोन दिस."

आता. आता म्हणायचं होतं. जुळवलेले शब्द तिच्या तोंडात होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरेही आले: खोटा नमुना, सेंटरची नोकरी, पोलीस, भीमराजचा बंद पडलेला पगार. आणि पंचफुलाबाई दारात आल्या.

हातात कापडी पिशवी. पायात ते पांढरे बूट. नऊवारीखाली ते कुणा दुसऱ्याचे पाय असल्यासारखे दिसत होते.

"आई, ते कशाला घातले?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मंग कवा घालू? समुद्रावर काय आता मी चालली का," आजी म्हणाल्या. मग त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. त्यांना रिपोर्ट कळला होता, आणि तो कुणाचा तेही कळलं होतं. या घरात तेवढं त्या एकट्यांनाच ठाऊक होतं.

ज्योतीनं एक पाऊल पुढं टाकलं.

"थितंच ऱ्हाय, सिस्टर," आजींनी हात वर केला. "लांबच ऱ्हाय. तुला लेकरू हाये घरी. जाय, पड जाऊन. काढा घे." मग म्हणाल्या, "मला काय, ह्यांच्या बाजूची खाट भेटली तर बरंच हाये."

त्या गाडीत चढल्या. बूट नवे असल्यानं पाय उचलताना अडखळल्या. शिवहारनं हात पुढं केला आणि आठवण होऊन मागं घेतला. दार बंद झालं. काचेतून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ज्योतीला काय वाटलं हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नसतं. तिला सुटल्यासारखं वाटलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि त्या सुटल्यासारख्या वाटण्याची तिला भीती वाटली.

*

मागचा पत्रा म्हणजे न्हाणीला लागून जळण ठेवायची जागा. तिथं तिनं चटई टाकली. एक रात्र अंग मोडून निघालं, थंडी वाजली, मग उतरलं. तरण्या माणसाचं दुखणं, आलं तसं गेलं. केशरबाई दारात ताट ठेवून जात. एकदा ताट ठेवताना त्या खोकल्या. ज्योती चटईवर उठून बसली.

"ठसका लागला," केशरबाई म्हणाल्या. "मिर्ची तळली आत्ता."

तेव्हापासून ती कान लावून बसायची. मिरची तळल्याचा वास आधी आला होता का, ते आठवायची.

कोविड सेंटरवरच्या ओळखीच्या नर्सला तिनं दोनदा फोन लावला. पहिल्यांदा उत्तर आलं, म्हातारी बरी हाये, सगळ्यायला बूट दाखवून राहिली. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही.

मग व्यंकटरावांचाच आला.

"सिस्टर, तुमच्या लॅबचा रिपोर्ट एकदम बराबर निघाला. आमीच येड्यावानी संशय घेतला." त्यांचा आवाज चिरल्यासारखा येत होता. "रात्री आईला ताप भरला. मशीनवर आकडा खाली येऊन राहिला. नांदेडला हलवा म्हणतेत. आत तर जाऊ देत न्हाईत."

ज्योतीनं पत्र्याला पाठ टेकली. पत्रा उन्हानं तापला होता.

"क्लेम मंजूर झाला म्हणे शिवहार," व्यंकटराव म्हणाले, जणू कुणीतरी विचारलं होतं. "काय करू त्याला. तिनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई गाडीत बसताना. तुमच्याकडंच बगून राहिली व्हती. तुमाला काई म्हणली का ती?"

"न्हाई," ज्योती म्हणाली.

फोन ठेवल्यावरही तिनं तो कानाशीच धरला होता. अंगणात मितू आली. आता ती आखून दिलेल्या रेघेपाशी थांबायला शिकली होती. खडूची रेघ, केशरबाईंनी ओढलेली. मितू रेघेच्या पलीकडे उकिडवी बसली. एक वेणी सुटलेली होती, ती ज्योतीला इथून घालता येत नव्हती.

"कोण व्हतं?"

"जहाजवाले मालक."

"आजी आल्या का समुद्रावरून?"

"समुद्रावर न्हाई गेल्या बेटा. दवाखान्यात हायेत. त्यायला बरं न्हाई."

मितू विचारात पडली. तिनं रेघेवर बोट ठेवलं, खडूची पांढरी भुकटी बोटाला लागली ती पाहिली. मग इकडंतिकडं बघून, गुपित बोलायचं तशी अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पण आई, काडी तर तू तुव्ह्या नाकात घातली व्हती ना? मंग गाडी आजीला काहून घेऊन गेली?"