सात वाजताची उसळी

दिनकरसरांनी जो निबंध एकट्याच्या नावावर छापायला धाडला, त्यातली नोंद न् नोंद विभावरीची होती. २००५च्या जूनमध्ये नॉर्वेच्या पार उत्तर टोकाच्या निरीक्षण केंद्रावर सहा आठवडे डासांना रक्त पाजत तिने ती जमवली होती. जाब विचारला तर सर म्हणाले, "अगं, तू ज्युनिअर. तुझं नाव पुढच्या पेपरात घालू की!" जर्मनीत ड्रेस्डेनच्या ज्या संस्थेत दोघं काम करत, तिथे कायमची जागा एकच होती आणि दोघांचाही डोळा तिच्यावर. विभावरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने नोंदवलेल्या अतिमंद कंपनांच्या रेडिओलहरी आकाशाच्या वरच्या थरावर आपटून परततात आणि दिवस-रात्रीप्रमाणे कमीजास्त होतात. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणजे आलेखाची रेघ सपाट हवी. तरी रोज संध्याकाळी सातला ती उसळत होती. सरांना वाटलं, निसर्गाचं नवं गुपित गवसलं.

कसलं गुपित! केंद्राचा म्हातारा राखणदार सातला विजेवरचा सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, तापवायचा आणि यंत्र त्याच वायरीवर होतं. सरांनी केंद्राचं तोंडही पाहिलं नव्हतं. सांगणं विभावरीचं काम होतं. पण पुढच्या वर्षी मार्चमध्ये, निबंध गेल्यावर, हे उमगूनही ती मूग गिळून बसली आणि रोज सकाळी हसून जर्मन रिवाजाने "मॉर्गन, सर" असं सुप्रभात म्हणत राहिली.

तीन महिन्यांनी, जूनमध्ये, संस्थेत सरांचं व्याख्यान झालं. महिन्याची सरासरी दाखवून त्यांनी टाळ्या घेतल्या. त्या संपू देऊन विभावरी उठली.

"सर, एकेका दिवसाचा आलेख दाखवता? गुरुवारी उसळी नाही. आकाश गुरुवारचा उपास करतं का?"

सर गुरुवारचा आलेख शोधायला कागद चाळू लागले.

"गुरुवारी राखणदार मुलीकडे जेवायला जातो," तिनेच सांगितलं. "त्या दिवशी सौना बंद."

सभागृह खो खो हसलं. सरांचा चेहरा उतरला आणि विभावरीचा आत्मा थंड झाला.

"तुला माहीत होतं? बोलली का नाहीस?" सर मराठीत पुटपुटले.

"नाव एकट्याचं ना, सर? मग चूकही एकट्याचीच."

संस्थेच्या प्रमुख प्रोफेसरबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या विभावरीकडे वळल्या. "तर मग, फ्राउ आगाशे, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "मार्चपासून," ती म्हणाली.

"म्हणजे तीन महिने तुम्ही संस्थेच्या नावावर चूक जाऊ दिलीत."

जागा दोघांनाही मिळाली नाही. घरी येऊन विभावरी ढसाढसा रडली. पण सरांचा तो उतरलेला चेहरा जागेच्या बदल्यात कुणी परत मागितला असता, तर तिने दिला नसता.