निवडलेली खोली

आमची ही मुळात भांडखोर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या रिसॉर्टमधल्या लोकांचा समज वेगळा झालेला असणार.

ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. नोकरीतली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. म्हणजे दिवसा झोपायचं, तेही खिडकीला काळं कापड लावून. रिटायर झाल्यावर म्हणाली, "अहो, मला एकदा तोंडावर ऊन येऊन जाग यायला हवी. गजरानं नको." मी शाळेची बस चालवायचो, माझं उठणंही कायम अंधारातलं. म्हटलं, चल, जाऊ कुठेतरी.

तळ्याकाठचं ते रिसॉर्ट तिनंच शोधलं. वेबसाइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा होता आणि थोडे जादा पैसे भरले की हवी ती खोली आपण निवडायची सोय होती. रोज संध्याकाळी ही तो नकाशा उघडून बसायची. पूर्व कुठे, झाडं कुठे, लिफ्टचा आवाज कुठवर येईल. घर घेताना आम्ही एवढं निरखून पाहिलं नव्हतं. शेवटी पहिल्या मजल्यावरची, पूर्वेकडे बाल्कनी असलेली एक खोली तिनं पक्की केली.

"जादा पैसे कशाला?" मी म्हटलं. "देतील ती घेऊ की."

"आजवर देतील तेच घेतलं. चार बहिणींत मी तिसरी. कपडे थोरलीचे, अंथरूण दाराशी, नोकरीत ड्यूटी उरलेली. ही खोली मी निवडणार."

मी तिचा चष्मा आणून दिला. लग्नानंतर एवढं शिकलो आहे.

दुपारी आम्ही पोचलो. काउंटरवरच्या मुलीनं हसून नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. ती आत गेली आणि टाय लावलेला मॅनेजर बाहेर आला.

"मॅडम, खूशखबर! तुम्हाला आम्ही सुइट देतोय. दुप्पट मोठा, एक पैसाही जास्त नाही."

मी बॅगा उचलल्यासुद्धा.

"कुठल्या बाजूला?" हिनं विचारलं.

"पार्किंगच्या. पण बाथटब आहे, बसायला वेगळा हॉल..."

"आणि माझी खोली?"

मग खरं बाहेर आलं. दरवर्षी येणारं एक मोठं कुटुंब आलं होतं. त्यांना ओळीनं खोल्या हव्या होत्या आणि आमची बरोबर मध्ये येत होती.

"त्यांनी निवडीचे पैसे भरलेत?"

"तसं नाही, पण जुनी माणसं आहेत. फोनवर सांगतात. समजून घ्या ना मॅडम, तुम्ही समजूतदार दिसता."

झालं. मॅनेजरचा हात नेमका उघड्या वायरवर पडला. माहेरी, सासरी, वॉर्डात हिला जे जे गिळावं लागलं, ते याच शब्दात गुंडाळून दिलेलं होतं.

हिनं पर्स काउंटरवर ठेवली. "दिसते तशी मी नाही."

"अगं, मोठी खोली फुकटात मिळतेय," मी हळूच म्हटलं.

"तुम्ही जा. बाथटबात झोपा."

मॅनेजर वैतागला. "पण त्या खोलीत एवढं आहे तरी काय?"

"पैसे घेताना विचारलंत? खोली निवडायचे पैसे भरलेत मी. कारण सांगायचे तुम्ही वेगळे द्या, मग सांगते."

काउंटरवरची मुलगी खाली वाकून काहीतरी शोधू लागली. तिचे खांदे हलत होते.

ही लॉबीतल्या सोफ्यावर जाऊन बसली. चपला काढल्या, मांडी घातली आणि डबा उघडून सँडविच खायला लागली. येणारे-जाणारे बघत होते. मी बॅगा धरून उभा, धड इकडचा नाही की तिकडचा.

थोड्या वेळानं काठी टेकत एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. त्या कुटुंबातल्या सगळ्यांत मोठ्या. त्यांना सगळे आत्या म्हणत.

"आमच्यामुळे अडलंय म्हणे," आत्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एक फोन केला की खोल्या तयार असायच्या. आता म्हणे खोली निवडायला पैसे! उद्या उशी निवडायला घेतील. तुमच्यासारखे भरतात, म्हणून यांचं फावतं."

"तुमचा फोन उचलतात, आत्या. मला इथे कोण ओळखतं? मग पैसे भरण्यावाचून काय करू?"

"आणि ज्याच्याकडे ओळखही नाही आणि पैसाही नाही, त्यानं?"

ही पहिल्यांदाच अडखळली. "ते मला नाही सांगता येणार. पण माझी खोली तुम्हाला देऊन त्याचं काही भलं होणार नाही."

आत्यांनी तिला नीट न्याहाळलं. मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "हिची हिला देऊन टाक. बाई चिवट आहे."

खोली मिळाली. दोन्ही बाजूंनी आत्यांची नातवंडं धुडगूस घालत होती; हिनं दार उघडून वॉर्डातल्या आवाजात एकदाच "शांत!" म्हटलं, तर त्यांचे आईबापसुद्धा चिडीचूप. सकाळी ऊन थेट हिच्या उशीवर आलं. डोळे मिटून ही कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. मी चहा आणला, तर म्हणाली, "सावली पडतेय. बाजूला व्हा."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं तळ्यातल्या नावेच्या फेरीचं विचारायला खाली गेलो, तर काउंटरपाशी एक तरुणी उभी होती. शेजारी व्हीलचेअरमध्ये तिचे वडील. लिफ्ट बंद होती आणि त्यांना वरची खोली दिली होती. तळमजल्यावरची हवी, तर निवडीचा चार्ज भरा म्हणून मॅनेजर सांगत होता.

ही जागच्या जागी थांबली. मी बाही ओढली, उपयोग झाला नाही.

"ही मुलगी खोली निवडतेय कुठे?" तिनं विचारलं. "मी निवडली होती. मला ऊन हवं होतं, ती माझी हौस. हौसेचे पैसे खुशाल घ्या. पाय चालत नाहीत, ही यांची हौस आहे का?"

"मॅडम, परवा तुम्हीच पैसे भरल्याचं ऐकवत होतात. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा? मग आत्यांना फोनवर खोल्या कशा देत होतात?"

मॅनेजर कॉम्प्युटरकडे वळला. व्हीलचेअरमधले गृहस्थ ओशाळून म्हणाले, "भरून टाक गं पोरी. कशाला तमाशा?"

"काका, तमाशा यांनी मांडलाय. तुम्ही निवांत बसा," ही म्हणाली आणि सोफ्यावर बसली. नाश्त्याहून परतणाऱ्या आत्यांनी सगळं ऐकलं असावं. त्याही काही न बोलता येऊन हिच्या शेजारी बसल्या.

दोघींकडे बघून मॅनेजरनं तळमजल्याची किल्ली काढून त्या मुलीच्या हातात ठेवली. "ठीक आहे. चार्ज नाही. पण एवढ्या वेळेपुरतंच."

मुलगी वडिलांना घेऊन गेली. मला वाटलं, सुटलो.

"एवढ्या वेळेपुरतं का?" हिनं विचारलं.

"नियम बदलणं माझ्या हातात नाही, मॅडम. ते मालक ठरवतात."

"मग लावा फोन त्यांना."

"माझा उचलत नाहीत," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

हिनं आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "माझा चष्मा वर राहिला. तुमचा द्या बघू, मालकांचा नंबर शोधते."