हळदीचं बोट

भोकरदनच्या जुन्या बाजारामागं दुर्गाबाईचा ओटा होता. दुपारची भांडी झाली की तिघी तिथं जमायच्या: दुर्गाबाई, वरच्या आळीतली द्वारकाबाई आणि भिंतीला भिंत लागून राहणारी खैरुनबी. पुढ्यात सुपं असायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, बाया ज्वारी निवडतायत. निवडतच होत्या, पण बोलणं पुस्तकांचं चालायचं.

निजामाच्या मुलखात मराठी पुस्तक सहजी हाती लागत नसे. दुर्गाबाईचा भाऊ जालन्याच्या स्टेशनात कामाला होता. मनमाडकडून येणाऱ्या गाडीवरच्या ओळखीच्या माणसाला सांगून तो एखादी कादंबरी मागवी आणि बहिणीला आणून देई. आधी दुर्गाबाई वाचायची, मग द्वारकाबाई. खैरुनबीला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. ती आपले किस्से मीठमसाला लावून सांगायची आणि या दोघींकडून कादंबऱ्या ऐकायची.

पुस्तक दुसरीच्या हाती देताना गोष्ट फोडायची नाही, असा त्यांचा कायदा होता. मग चांगलं आहे हे सांगायचं कसं? दुर्गाबाईचं बोट सदा हळदीचं. जिथं तिचं काळीज हललं तिथं ती पानाच्या कडेला ते बोट टेकवायची. पिवळा ठसा दिसला की द्वारकाबाई सावरून बसायची. कधी तिथं तिलाही रडू यायचं, कधी भांडण व्हायचं.

"इथं काय रडायचं होतं गं? त्या मेल्यानं आधीच विचार करायला पाहिजे होता."

"तुला काय कळतंय. तू पोथी वाचणारी बाई."

"पोथी वाचती म्हणून तर कळतं."

"झगडो नक्को," खैरुनबी म्हणायची. "आगे क्या हुआ ते सांगा."

द्वारकाबाई खरंच पोथी वाचणारी. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं एक अध्याय, त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. बोलणं हळू. नेमांचं ती कधी मिरवत नसे. तिच्या आईनं शिकवलं होतं, देवाशी बोललेलं माणसाशी बोलू नये, बोलून दाखवलं की नेमाचं फळ जातं.

त्या वर्षी जेठात दुर्गाबाईच्या खोकल्यातून रक्त पडलं. वैद्यानं नाडी धरली आणि क्षय म्हणून सांगितलं. ओट्यावरची बैठक मोडली. दुर्गाबाईची खाट आतल्या सोप्यात गेली, तिचा पेला-ताटली वेगळी झाली.

आषाढी एकादशीला देवळात चातुर्मासाचे नेम धरायला बाया जमल्या. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा, कुणी गूळ. द्वारकाबाई देवापुढं उभी राहिली. वांगं तिला तसंही आवडत नव्हतं. न आवडणारं सोडून देवाला फसवायचं का? जिवाला प्यारं असेल तेच सोडलं पाहिजे. तिनं डोळे मिटले आणि मनात म्हणाली, 'कार्तिकीपर्यंत कादंबरीला हात लावणार न्हाई, तिचं अक्षर डोळ्याखाली घालणार न्हाई. माझ्या दुर्गीला उठव.'

पुढच्याच आठवड्यात दुर्गाबाईचा भाऊ नवं पुस्तक घेऊन आला. निळ्या पुठ्ठ्याचं, चांगलं जाडजूड.

दुर्गाबाईनं उशाला टेकून अर्धं वाचलं, मग तिचे डोळे टिकेनात. अक्षर हलतंय म्हणायची. द्वारकाबाई दुपारी शेळीचं दूध घेऊन आली तशी दुर्गाबाईनं उशाखालून पुस्तक काढलं.

"द्वारके, असं पुस्तक आपल्याकडं आजवर आलं न्हाई. ही पोरगी आता विहिरीवर एकटी उभी आहे बघ. तू पैल्यापासून वाच, मंग मला पुढचं मोठ्यानं वाचून दाखव. माझं तिच्यापाशीच अडकून राह्यलंय सगळं."

द्वारकाबाईनं दुधाचा पेला पुढं केला. "आधी हे घे."

"पुस्तक घे की."

"पोथी आणू का? पोथी वाचती तुझ्यापाशी बसून."

"पोथीतलं पुढचं मला ठाऊक आहे," दुर्गाबाई म्हणाली. "ज्याचं पुढचं ठाऊक न्हाई ते पाहिजे मला."

द्वारकाबाई तिचे पाय चेपत बसली. पुस्तक खाटेवर तसंच राहिलं.

असे कैक दिवस गेले. द्वारकाबाई रोज यायची. दूध पाजायची, वेणी घालायची, पिकदाणीसुद्धा स्वतः धुवायची. पुस्तकाला तेवढं बोट लावायची नाही. एकदा खैरुनबीनं तिला दारात गाठलं.

"कायकू नै पढती गे तू? मेरेकू मराठी आता तो मैं रातदिन पढती."

"पढीन," द्वारकाबाई म्हणाली. "कार्तिकीनंतर पढीन."

"कार्तिकी किसने देखी?"

त्या बोलण्यानं द्वारकाबाईचं मन हललं. भादव्यात एका दुपारी ती ठरवूनच आली, की नेम मोडायचा, पाप लागलं तर आपल्याला लागंल. दुर्गाबाईचा डोळा लागला होता. द्वारकाबाईनं पुस्तक उचललं. तेवढ्यात दुर्गाबाईच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "झोपू दे तिला. दोन दिसांपासून ताप न्हाई. वैद्य म्हणत होते, उतार पडून राह्यला."

देवानं ऐकलं होतं. आता मोडलं तर दिलेलं परत घेईल. तिनं पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं. मान वळवली तर दुर्गाबाई जागी होती, बघत होती.

"ठेवलंस होय," ती म्हणाली. "लोक म्हणतात कागदात रोग बसतो. खरं सांग, त्याला भेतीस ना?"

द्वारकाबाईच्या ओठांशी शब्द आला. एक शब्द पुरला असता. पण आई आठवली, उतरलेला ताप आठवला, आणि तिनं खाली बघितलं.

"भ्यायलाच पाहिजे," दुर्गाबाई हळूच म्हणाली. "तुला लेकरंबाळं आहेत. मी तुला कशाला बोल लावू?"

तिनं पुन्हा पुस्तकाचं नाव काढलं नाही. द्वारकाबाई आली की हसायची, पोराबाळांचं विचारायची. पुस्तक खाटेखाली गेलं होतं. दसऱ्यानंतर ताप उलटला, आणि दिवाळीच्या आधी दुर्गाबाई गेली.

कार्तिकीपर्यंत द्वारकाबाईनं नेम पाळला. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. द्वादशीला पारणं झालं. जे सोडलं ते कुणाला तरी देऊन नेम सोडायचा अशी रीत. ती दुर्गाबाईच्या घरी गेली, सासूबाईंकडून निळं पुस्तक मागून घेतलं आणि खैरुनबीच्या दारात उभी राहिली.

"हे तुला द्यायचं आहे. पण तुला वाचता येत न्हाई, तर मी वाचून देती." मग उंबऱ्यातच बसून तिनं नेमाचं सगळं सांगितलं. खैरुनबीनं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"देवाला बोललीस," ती म्हणाली, "उसकू बी बोलना था गे."

"बोलले न्हाई."

"पढ."

दोघी दुर्गाबाईच्या ओट्यावर येऊन बसल्या. द्वारकाबाई पहिल्या पानापासून वाचू लागली. पिवळे ठसे येत गेले, एक नदीच्या काठी, एक मांडवात, एक दारातल्या भांडणावर. विहिरीच्या पानावर शेवटचा होता, फिका, निम्म्याच बोटाचा. त्यापुढच्या पानांवर ठसा नव्हता. वाचन तीन दिवस दुपारचं चाललं. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं दुर्गीचे राहिलेले ठसे उमटवायला वाटीत हळद कालवून आणली होती. एका ठिकाणी तिचा आवाज फुटला, तशी तिनं वाटीत बोट बुडवलं.

"यहाँ नै," खैरुनबी म्हणाली. "यहाँ दुर्गा नै रोती. यहाँ उसकू गुस्सा आता."

द्वारकाबाईला पटलं. पुढं पोरगी माहेरी येते, त्या पानावर ती पुन्हा थांबली. इथं दुर्गी रडली असती का? खैरुनबीलाही सांगता येईना. शेवटचं पान उलटलं तरी द्वारकाबाईच्या बोटावरची हळद तशीच होती, आणि वाळून गेली होती.