पंच्याची वीण

लकवा होऊन सहा महिने झालेल्या ईश्वरदासला डॉक्टरांनी खोलीभर चालवलं, आपलं बोट दाबायला लावलं आणि कागदावर लिहिलं, 'ताकद परत आली.' थकव्याचं विचारताच ते म्हणाले, "बाई, थकवा काही मोजता येत नाही. आळस असेल."

भागीरथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं हातमागावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला आळशी म्हणायला या पोरगेल्या डॉक्टरची जीभ रेटली कशी? तिनं पिशवीतून कालच मागावरून उतरवलेला पंचा काढून टेबलावर आपटला.

"मोजता काहून येत नाही? गांधीबागचा कापड घेणारा शेठ बोटानं चाचपून सांगते, विणकर कुठं थकला ते. ही सुरुवात यांची, सकाळी नऊची. वीण घट्ट आहे. आता वीतभर पुढं पाहा, चाळणी झाली. तेव्हा साडेनऊबी वाजले नव्हते."

डॉक्टरांनी पंचा उजेडात धरला, शेवटापर्यंत सरकवला आणि हसले. "पण इथून पुढे पुन्हा घट्ट आहे की. म्हणजे जरा विसावले की जमतं यांना."

"तिथून पुढं मी विणला," भागीरथा म्हणाली आणि तिनं पंचा त्यांच्या हातातून ओढून घेतला.