रुग्णतेचा रकाना

आरोग्य कार्यालयातला कारकून वर्षअखेरीचा अहवाल भरताना मृत्यूचा आकडा तीनतीनदा तपासायचा. मृत्यूला दाखला असतो. चूक सापडली तर साहेब फाडून खातील. शेजारी ‘रुग्णता’ असा रकाना होता, म्हणजे किती माणसं आजार अंगावर घेऊन जगताहेत त्याचा. तिथे तो डोळे झाकून मागच्या वर्षीचाच आकडा उतरवायचा. नाक मुरडू नका, मंडळी. असली कामं आपणही उरकतोच.

त्याची थोरली बहीण सूतगिरणीत कामाला होती, गिरणीच्याच वस्तीत राहायची. कापसाच्या धुळीने तिला धाप लागायची. तो म्हणायचा, “ताई, हिंडतेफिरतेस ना? मग झालं तर.”

यंदा गिरणीच्या वस्तीतल्या नर्सबाई एक पत्र घेऊन त्याच्या टेबलापाशी आल्या. वस्तीत छातीच्या आजारांचा दवाखाना हवा, ही त्यांची मागणी तिसऱ्यांदा फेटाळली गेली होती. कारण दिलं होतं, आठ वर्षांत रुग्ण वाढलेले नाहीत.

“तिथं कोणी दगावलं तर नाही ना,” कारकून गुळमुळीत बोलला.

“दगावलं नाही म्हणजे धडधाकट आहेत का, भाऊ? तुमच्या ताईंना पाच पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. नातवाला उचलून घेणं सोडलंय त्यांनी. दवाखाना वेळेवर झाला असता तर एवढी वेळ आली नसती. आता त्यांची फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत.”

कारकुनाने जुने अहवाल काढून पाहिले. आठही वर्षांचा तो आकडा त्याच्याच अक्षरातला होता!

त्याच दुपारी कोरा तक्ता घेऊन तो वस्तीत घरोघरी निघाला. पहिलं दार ताईचं होतं.

“ताई, दम कधीपासून लागतो गं तुला?”

ताई बघतच राहिली. “नऊ वर्षं झाली,” ती थांबत थांबत म्हणाली. “आज पहिल्यांदा विचारलंस रे.”

तो तिच्यासमोर लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“माझं राहू दे. शेजारची सून गेल्याच महिन्यात कामाला लागलीय, आणि आताच खोकतेय. तिचं आधी लिही.”

त्याने दोघींचंही लिहिलं.

मंडळी, नुसते मृत्यू मोजून समाजाचं आरोग्य कळत नाही. जिवंतपणी झिजणाऱ्या माणसाची नोंद झाली नाही, तर त्याच्यापर्यंत औषधही पोहोचत नाही. आपल्या माणसाला काय होतंय, हे वेळेवर विचारा. ताईच्या भावाला ते सुचायला नऊ वर्षं लागली.